विश्लेषण : युरियाच्या गोणीला पर्याय काय? शंभर वर्षांपूर्वी इंदूरच्या काळ्या मातीत उत्तर शोधणारे अल्बर्ट हॉवर्ड कोण होते?

सावदा म्हटले की केळी. पण केळीचा पट्टा सोडला की मका, ज्वारी, गहू, हरभरा आहेच, आणि धान्यपिकांचा हिशेब हंगामात हमखास युरियाच्या गोणीपाशी येऊन अडतो. कधी गोणी वेळेवर मिळत नाही. मिळाली तर तिच्यासोबत नको असलेले दुसरे काही तरी घ्यावे लागते. शेतकऱ्यांच्या भाषेत याला लिंकिंग म्हणतात. या ‘दुसऱ्या काही’मध्ये आता जैविक म्हणवणाऱ्या बाटल्याही असतात. त्यामुळे रासायनिकऐवजी जैविक म्हणजे गोणीऐवजी बाटली, एवढाच अर्थ अनेकांच्या मनात पक्का होत चालला आहे.

ज्यांच्या कामातून आजच्या सेंद्रिय शेतीची मोठी शाखा फुटली, त्या अल्बर्ट हॉवर्ड यांना हा अर्थ मुळीच मान्य झाला नसता. त्यांचे सर्वांत गाजलेले काम सावद्यापासून फार लांब झालेले नाही. सावद्याहून रावेर, बुऱ्हाणपूर आणि तिथून इंदूर, हे अंतर दोनशे किलोमीटरहून थोडे अधिक आहे. माती तशीच काळी, पिके बरीचशी तीच आणि राज्य त्या वेळी होळकरांचे. हॉवर्ड मात्र तिथे पोहोचले ते वयाची पन्नाशी गाठल्यावर, आणि आले ते गव्हाचे शास्त्रज्ञ म्हणून नाव कमावून.

शेतकऱ्याचा मुलगा प्रयोगशाळेला का कंटाळला?

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातल्या बिशप्स कॅसल या गावी झाला. घर शेतकऱ्याचे. लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ सायन्स आणि नंतर केंब्रिज असे शिक्षण झाले. १८९९ मध्ये त्यांना वेस्ट इंडीजमध्ये बुरशीशास्त्रज्ञ म्हणून नोकरी मिळाली. उसावरच्या रोगांचा अभ्यास करायचा आणि शेतकऱ्यांना सल्ला द्यायचा, असे ते काम होते.

इथेच त्यांना पहिली खटक लागली. आपण सांगतो तो उपाय आपण स्वतः कधी शेतात करून पाहिलेला नाही, कारण आपल्याकडे शेतच नाही, हे त्यांच्या लक्षात आले. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसते, पण ती याच शेतात का आली आणि शेजारच्या शेतात का नाही, हे दिसत नाही. त्यानंतर १९०३ ते १९०५ इंग्लंडमधील वाय येथील कृषी महाविद्यालयात त्यांनी हॉप्स या पिकावर काम केले. पुढची नोकरी हिंदुस्थानात होती, आणि तिथे जमीन मिळणार होती.

पुसा येथे नेमके काय घडले?

बिहारमधील पुसा येथे लॉर्ड कर्झन यांच्या काळात, हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकाच्या देणगीतून कृषी संशोधन संस्था उभी राहत होती. १९०५ मध्ये हॉवर्ड तिथे सरकारी वनस्पतीशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी त्यांचे गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी लग्न झाले. गॅब्रिएल या कुणाची तरी पत्नी म्हणून हिंदुस्थानात आलेल्या मडमांपैकी नव्हत्या. प्रकाश आणि तापमान यांचा पानांच्या अन्ननिर्मितीवर काय परिणाम होतो, यावर एफ. एफ. ब्लॅकमन यांच्यासोबत त्यांनी केंब्रिजमध्ये केलेले काम तेव्हाच मान्य झालेले होते. पुसा येथे सुरुवातीला त्यांना पद नव्हते. १९१० मध्ये सहायक आणि १९१३ मध्ये दुसऱ्या सरकारी वनस्पतीशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढच्या कामातला किती भाग अल्बर्ट यांचा आणि किती गॅब्रिएल यांचा, हे वेगळे काढणे कठीण आहे.

दोघांचे पहिले मोठे काम गव्हावर. देशभरातील गव्हाच्या वाणांची पाहणी करून १९०९ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील गव्हावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर पुसा ४, पुसा १२ असे निवडक वाण तयार केले. दाण्याचा दर्जा चांगला आणि इंग्लंडमधील दळण-भाजणीच्या चाचण्यांत पास झालेले हे वाण उत्तर हिंदुस्थानात पसरले. एखाद्या संशोधकाला निवृत्तीपर्यंत पुरेल एवढे हे यश होते.

पण याच गव्हाने त्यांना दुसऱ्या प्रश्नाकडे नेले. नुसता वाण बदलला तर उत्पादनात साधारण दहा टक्के भर पडते आणि त्याच वाणाला जमीन नीट करून दिली तर वाढ कितीतरी पटींनी जास्त होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मग खरे काम बियाण्यात आहे की मातीत?

पुसा येथे त्यांच्या हाती ७५ एकर जमीन आणि बैल होते. आसपासच्या गावांतील पिकांवर रोग कमी दिसतात आणि तिथे कुणी फवारणीही करत नाही, हे त्यांनी पाहिले होते. मग त्यांनी उलटा मार्ग धरला. गावकरी काय करतात ते आधी शिकायचे आणि कीड-रोगाला शत्रू न मानता तपासनीस मानायचे. कीड आली, म्हणजे ही जमीन या पिकाला योग्य नाही किंवा पीक अर्धपोटी आहे, असे समजायचे. धान्यासोबत कडधान्य पेरण्याची पद्धतही त्यांनी गावकऱ्यांकडूनच उचलली. खानदेशात ज्वारीत तुरीचे तास टाकतात, तोच हा प्रकार. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, हे युरोपातल्या प्रयोगशाळांना १८८० च्या दशकात कळले. शेतकरी ते कारण माहीत नसताना किती तरी आधीपासून करत होते.

त्यांच्या बैलांची हकिगत पुढे जगभर सांगितली गेली. शेजारच्या वस्तीतल्या जनावरांना लाळ्या-खुरकूत झालेली असताना हॉवर्ड यांचे बैल कुंपणावरून त्यांच्या नाकाला नाक लावत, तरी त्यांना रोग झाला नाही. लस नव्हती, वेगळे बांधले नव्हते. चारा मात्र चांगल्या खताच्या जमिनीतला होता. हॉवर्ड यांना हा पुरावा वाटला. आजच्या निकषांवर मोजक्या बैलांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येत नाही, हेही इथेच सांगायला हवे.

पुसा सोडून इंदूर का?

कारण सरकारी होते. पुसा येथे बुरशीचा विभाग वेगळा, किडींचा वेगळा, रसायनाचा वेगळा, जिवाणूंचा वेगळा. झाड एकच, पण त्याचे तुकडे वाटून घेतलेले. एका विभागाने दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचे नाही. हॉवर्ड यांना माती, पीक, जनावर आणि शेतकरी यांचा एकत्र अभ्यास करायचा होता आणि या रचनेत ते बसत नव्हते. मग नवी संस्थाच काढायची ठरली.

इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने पैसे दिले, मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी वर्गणी दिली आणि इंदूर दरबाराने ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या कराराने दिली. १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. हॉवर्ड तिचे संचालक झाले. पैसा कापसासाठी आला होता, पण कापूस एकटा वाढत नाही. त्याच्या फेरपालटात ज्वारी येते, गहू येतो, हरभरा येतो. म्हणून संस्थेचे काम सगळ्या पिकांच्या जमिनीवर सुरू झाले.

इंदूर पद्धत म्हणजे नेमके काय?

काळ्या मातीच्या शेतकऱ्याचा पेच तेव्हाही तोच होता. शेणाचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलीत जातो. गोमूत्र गोठ्याच्या जमिनीत जिरून वाया जाते. पऱ्हाट्या जळणात किंवा आगीत जातात. जे उरते ते उकिरड्यावर पडते, उन्हात वाळते, पावसात धुऊन जाते. पेरणीच्या तोंडावर अर्धेकच्चे खत शेतात पडते आणि सोबत तणाचे बी व हुमणी घेऊन येते.

हॉवर्ड यांनी चीनमधील शेतकरी काडीकचऱ्याचे खत कसे करतात, याचे अमेरिकन शास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी १९११ च्या पुस्तकात केलेले वर्णन वाचले होते. ते कल्पनेपुरते. इंदूरला काम झाले ते प्रमाण, वेळ आणि हवा-पाणी बसवण्याचे. एखादी प्रक्रिया कारखान्यात बसवावी तसे हे काम सुमारे सात वर्षे चालले.

खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूटच खोल. जास्त खोल केला तर तळाशी हवा पोहोचत नाही आणि माल कुजण्याऐवजी सडतो. पऱ्हाट्या टणक, तशाच टाकल्या तर वर्षभर कुजत नाहीत. म्हणून त्या आधी संस्थेच्या रस्त्यांवर पसरायच्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा झाला की उचलायच्या. यंत्र नाही, मजुरी नाही, वाहतूक तर होणारच असते! मग हा भुगा, तण, पाला, कडब्याचे बुरखुंडे असे वेगवेगळे काडवण मिसळून जनावरांखाली अंथरायचे. दुसऱ्या दिवशी शेणमुताने भिजलेले ते अंथरूण खड्ड्यात न्यायचे. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवायची आणि मूत्र प्यायलेली ती माती दर काही महिन्यांनी खणून खड्ड्यात वापरायची. चुलीची राखही टाकायची, कारण कुजताना तयार होणारे आम्ल ती मारते. थर पायाने तुडवायचा नाही. मऊ, भुसभुशीत राहिला तरच हवा खेळते.

हिशेब कर्ब आणि नत्र यांच्या प्रमाणाचा आहे. सुरुवातीच्या मिश्रणात कर्ब ३३ भाग आणि नत्र एक भाग असे प्रमाण साधायचे. नुसते काडवण असेल तर कर्ब फार जास्त होतो आणि काम मंदावते. नुसते शेण असेल तर नत्र हवेत उडून जातो. प्रमाण जमले की बुरशी आधी कामाला लागते, खड्डा ६५ अंशांच्या आसपास तापतो, त्यानंतर जिवाणूंची पाळी येते. तीन वेळा माल उलटायचा. पहिली उलथापालथ साधारण दोन आठवड्यांनी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. ९० दिवसांत काळसर, भुसभुशीत, वास नसलेले खत तयार होते आणि कर्ब-नत्राचे प्रमाण १० ला १ च्या जवळ येते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग घालायचे.

यात विकत आणलेले काहीच नाही, ही गोष्ट महत्त्वाची. जिवाणूसुद्धा बाहेरचे नाहीत. आधी कुजत असलेल्या खड्ड्यातला थोडा माल नव्या खड्ड्यात विरजणासारखा मिसळला की झाले.

वाड यांचे नाव कुठे गेले?

१९३१ मध्ये या पद्धतीवरचा मूळ ग्रंथ ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. शेतीतील टाकाऊ वस्तूंपासून ह्यूमस कसा करायचा, असा त्याचा विषय. मुखपृष्ठावर दोन नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेत रसायनशास्त्राचे मुख्य सहायक होते. वर सांगितलेले प्रमाण, नत्राची मोजणी, कुजण्याचा वेग हा सगळा रसायनशास्त्राचाच प्रांत. हॉवर्ड मायदेशी गेल्यावर वाड यांनी संचालक एफ. के. जॅक्सन यांच्यासोबत वस्तीतील मैला व कचऱ्याला हीच पद्धत कशी लावायची, यावर १९३४ मध्ये पुस्तिका काढली. तरीही जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत हॉवर्ड यांच्यावर प्रकरणे आहेत आणि वाड यांच्यावर फार तर एक ओळ.

गॅब्रिएल यांचेही तसेच झाले. त्या १९३० मध्ये, ग्रंथ छापून येण्याआधीच वारल्या. पुढच्या वर्षी हॉवर्ड निवृत्त झाले आणि गॅब्रिएल यांच्या धाकट्या बहिणीशी, लुईस यांच्याशी त्यांनी लग्न केले. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ १९४० मध्ये आले, ते गॅब्रिएल यांना अर्पण केलेले आहे.

महात्मा गांधींचा संबंध काय?

एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले होते. त्या वेळी त्यांनी ही संस्था पाहिली आणि त्याच वर्षी ‘हरिजन’मधून कंपोस्टचा विषय मांडला. ग्रामसफाई आणि खत हे दोन प्रश्न एका खड्ड्यात सुटतात, हे त्यांना पटण्यासारखेच होते. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९३६ मध्ये, खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन सावद्याशेजारच्या फैजपूरला झाले. गांधीजी तिथे होतेच. फैजपूरच्या ठरावांत शेतकऱ्यांचा कार्यक्रम होता, पण तो शेतसारा, कर्ज आणि खंडाबद्दल. मातीबद्दल बोलण्याची ती वेळ नव्हती.

रासायनिक खतांशी भांडण कशावरून?

पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी हवेतला नत्र पकडणारे कारखाने उभे राहिले. युद्ध संपले, कारखाने उरले आणि त्यांचा माल शेतीकडे वळला. हॉवर्ड यांचा मुख्य आक्षेप हाच होता. शेतीची गरज म्हणून नव्हे, तर कारखान्याची गरज म्हणून हे खत शेतात आले आणि जमिनीचे आरोग्य नत्र, स्फुरद, पालाश या तीन आकड्यांत मावते, अशी समजूत त्यासोबत आली, असे ते मांडत. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. निवृत्तीनंतर ते इंग्लंडमध्ये याच विषयावर लिहीत, भांडत राहिले. केनियातील कॉफी आणि आसाम-सिलोनमधील चहाच्या मळ्यांनी इंदूर पद्धत उचलली. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचे मासिक काढले, त्यात हॉवर्ड सहसंपादक होते. इंग्लंडमध्ये ईव्ह बॅल्फर यांनी याच विचारावर पुढचे काम केले. जगभर इंदूर हे नाव खताच्या खड्ड्यासाठी घेतले जाऊ लागले.

ते कुठे चुकले?

रॉथमस्टेड येथे ब्रॉडबाक नावाच्या शेतात १८४३ पासून गहू घेतला जातो. काही तुकड्यांना फक्त शेणखत, काहींना फक्त रासायनिक खत. हॉवर्ड यांनी या प्रयोगावर कडक टीका केली. बियाणे दरवर्षी बाहेरचे, तुकडे लहान, त्यामुळे खऱ्या शेतीशी संबंध नाही, असे त्यांचे म्हणणे. पण रासायनिक खताच्या तुकड्यांत गहू शंभर वर्षांनीही येत होता, आणि आजही येतो. शेणखताच्या तुकड्यात मातीतला सेंद्रिय कर्ब खूप वाढला, हेही तितकेच खरे. म्हणजे प्रयोगाने दोघांनाही अर्धे-अर्धे उत्तर दिले. हॉवर्ड यांनी त्यातले आपले तेवढे घेतले.

किडीबद्दलचे त्यांचे मतही सगळीकडे लागू होत नाही. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आली. ती मक्याच्या पोंग्यात शिरताना शेतात शेणखत किती पडले आहे, हे पाहत नाही. परदेशातून आलेल्या, इथे नैसर्गिक शत्रू कमी असलेल्या किडीला जमिनीचे आरोग्य एकटे थोपवू शकत नाही. तिथे मेटाऱ्हायझियमसारखी बुरशी, ट्रायकोग्रामाची कार्डे असे दुसऱ्या प्रकारचे जैविक उपाय कामाला येतात, आणि ते हॉवर्ड यांच्या शिदोरीत नव्हते.

मक्याचा हिशेब आज कसा लागतो?

बागायती मक्याला किंवा गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी सुमारे ४८ किलो. युरियात ४६ टक्के नत्र असते. ४५ किलोच्या साधारण सव्वादोन गोण्यांत काम होते आणि त्या दुचाकीवर घरी येतात. चांगल्या कंपोस्टमध्ये नत्र एक टक्का धरले, तर तेवढ्याच नत्रासाठी पाच टन खत लागते. त्यातला पहिल्या हंगामात पिकाला मिळणारा भाग तिसरा हिस्सा धरला, तर चौदा-पंधरा टन. एवढे खत करायला काडवण हवे, जनावरे हवीत आणि ते तीनदा उलटायला माणसे हवीत. गोठ्यात बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला आहे, आणि मक्याची कणसे काढली की उरलेला चारा बऱ्याच ठिकाणी पेटवला जातो.

म्हणून सगळा युरिया एका वर्षात बंद करून उत्पादन तेच राहील, असे जो सांगेल त्याचे ऐकण्याआधी हा हिशेब मांडून पाहावा. अॅझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू यांची बीजप्रक्रिया, दहा किलो बियाण्याला पाव किलो, ही स्वस्त आहे आणि करण्यासारखी आहे. पण तीही काही भागच वाचवते. शिवाय हे जिवाणू जगतात सेंद्रिय कर्बावर. मातीत तो नसेल तर पाकिटातले जिवाणू उपाशी मरतात. हॉवर्ड बाटलीवर का समाधान मानले नसते, ते इथे कळते. त्यांच्या पद्धतीत दरवर्षी खत पडत राहते, मागच्या वर्षीचा उरलेला नत्र पुढच्या वर्षी मिळतो आणि चार-पाच वर्षांत दरवर्षी लागणाऱ्या खताचे गणित हळूहळू खाली येते. त्या चार-पाच वर्षांचा तोटा कुणी सोसायचा, हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांची संस्था पगारावर चालत होती.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनमध्ये हॉवर्ड यांचे निधन झाले. चार वर्षांनी, १९५१ मध्ये, सिंद्रीचा खत कारखाना सुरू झाला. इंदूरच्या त्या तीनशे एकरांच्या परिसरात पुढे कृषी महाविद्यालय आले.